‘ते बी खतच शे ना!’

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावरची निघाली: रानात, पायवाटेवर, बागेत पडलेली कुत्र्यांची विष्ठा. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत.

लळिंगच्या पायथ्याशी सकाळी लोक कुत्री फिरवतात. घाण उचला म्हटलं की ऐकवतात, ‘ते बी खतच शे ना!’ काय सांगावं? (धुळे)

गाय कडबा खाते. कुत्रा मटणाची हाडं, शिळी भाकरी आणि उकिरड्यावर सापडेल ते. त्याच्या विष्ठेत गोलकृमी, अंकुशकृमी, पट्टकृमी या पोटातल्या जंतांची अंडी असू शकतात. गोलकृमीचं अंडं ताजं असताना बाधत नाही. दोन ते चार आठवडे मातीत राहिलं की बाधायला लागतं आणि ओल-सावलीत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणजे ढीग विरून गेला, जागा स्वच्छ दिसू लागली, की खरा धोका सुरू. मे महिन्याच्या उन्हात उघड्या मुरमावर बरीच अंडी मरतात. झुडपाच्या बुडाशी मरत नाहीत, आणि कुत्रं बसतं तिथंच.

उचलणं अवघड नाही. पिशवी मोज्यासारखी हातावर उलटी चढवा, विष्ठा धरा, पिशवी सुलटी करा, हवा काढून गाठ मारा. घट्ट झाकणाची एखादी जुनी बरणी सोबत ठेवली तर घरापर्यंत वास येत नाही. पण ‘येताना नेऊ’ म्हणून पिशवी बाभळीला अडकवून जाणारे न उचलणाऱ्यांपेक्षा वाईट. नुसती विष्ठा निदान विरते तरी. उन्हानं कडक झालेली ती पिशवी वनमजूर काढायला जातो तेव्हा त्याच्या हातातच फाटते.

पाटणादेवीला कुत्रा नेला तर चालेल का? पिशवी सोबत ठेवू. (चाळीसगाव)

पिशवी असली तरी नको. तो भाग गौताळा अभयारण्याचा आहे, आणि कुत्र्यांचे रोग रानातल्या प्राण्यांनाही लागतात. कुत्र्यांचा पार्व्होचा विषाणू विष्ठेतून पडतो आणि मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. विष्ठा उचलली तरी मातीला लागलेला अंश मागे राहतोच. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा विषाणूजन्य रोग तर श्वासा-शिंकेतूनही पसरतो. 2018 मध्ये गीरचे सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात हाच डिस्टेंपर सापडला होता.

केळीच्या बागेत राखणीला तीन कुत्री आहेत. मजुरांच्या पायाला खाज सुटते, लाल नागमोडी रेघ उठते. (रावेर)

हे अंकुशकृमीच्या अळीचं लक्षण दिसतं. ठिबकची ओल आणि पानांची सावली, तिला याहून चांगली जागा नाही. अंडं एक-दोन दिवसांत फुटतं, आठवडाभरात अळी कातडीतून शिरण्याजोगी होते. रेघ रोज थोडी थोडी पुढे सरकते. मजुरांना डॉक्टरांकडे न्या, मलमावर वेळ घालवू नका. बागेत रोज सकाळी एक फेरी मारून विष्ठा उचला, कारण चोवीस तासांच्या आत उचलली तर अंकुशकृमीची अळी कातडीत शिरण्याजोगी झालेली नसते. ती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. घरगुती ढीग अंडी मरण्याइतका तापत नाही. विहिरीपासून दूर, वेगळा खड्डा करा. मजुरांना बूट द्या. कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या.

वाड्यावरच्या दोन मेंढ्या मान एका बाजूला टाकून गरगर फिरतात. कुत्र्यामुळे होतं म्हणतात, खरं का? (साक्री)

खरं. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीची अंडी विष्ठेतून गवतावर जातात, मेंढी ती चरते आणि काही महिन्यांनी तिच्या मेंदूत पाण्याचा फुगा धरतो. मेंढी मेली की तिचं मुंडकं कुत्र्यापुढे टाकलं जातं, आणि चक्र पुन्हा सुरू. इथंच तोडा. मुंडकं, काळीज, फुफ्फुस कच्चं देऊ नका. मेलेली मेंढी तीन फूट खोल पुरून वर दगड आणि बाभळीच्या काट्या टाका, नाहीतर कुत्री रात्रीत उकरतात.

औषध प्राझिक्वांटेल, वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅम. वीस किलोच्या कुत्र्याला 100. पट्टकृमी साधारण सहा आठवड्यांत पुन्हा अंडी टाकू लागतो, म्हणून पशुवैद्यकाला विचारून तेवढ्या अंतरानं डोस द्या. डोसनंतर तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्या दिवसांतली विष्ठा जाळा. गोळी देऊन कुत्रं मोकळं सोडलं तर मेलेल्या कृमीतली जिवंत अंडी चराईवरच पडतात. बहुतेक जण चुकतात ते इथंच.

वाटा साफ करताना कुत्र्याची आणि बिबट्याची विष्ठा कशी ओळखावी? (यावल, वनमजूर)

बिबट्याची दोरखंडासारखी पिळलेली, टोकाला निमुळती, केस आणि हाडांच्या तुकड्यांनी भरलेली; वाळली की पांढुरकी. शेजारी मागच्या पायांनी ओढलेला चर बऱ्याचदा दिसतो. कोल्ह्याच्या विष्ठेत हंगामात बोराच्या बिया, तीही बऱ्याचदा वाटेतल्या दगडावर. गावकुत्र्याची पिठूळ, काडीनं दाबली की पसरते. मेलेलं जनावर खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतही केस असतात, त्यामुळे शंका असेल तर शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, वनरक्षकाला दाखवा, तोवर उचलू नका.

नायलॉन दोरीचं ग्रास कटर लावण्याआधी वाट पायी फिरून विष्ठा लांब दांड्याच्या फावडीनं घमेल्यात गोळा करा. दोरीला लागली की थेट तोंडावर उडते. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल (फेस शील्ड) आणि हातात रबरी मोजे हवेतच. भाकरी सोडण्याआधी हात साबणानं धुवा. सॅनिटायझरनं कृमींची अंडी मरत नाहीत.