कोल्हापुरात घरी बटाटा-हॅमचं क्रीमी कॅसरोल कसं करावं? माझा सॉस पातळ होतो आणि बटाटे कच्चे राहतात.

बटाटे कच्चे राहतात कारण तुम्ही ते थेट ओव्हनमध्ये ढकलता. 750 ग्रॅम बटाट्यांच्या 3 मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात 5 मिनिटं ठेवून निथळा. पूर्ण शिजवू नका, नाहीतर भाजी होते.

आता सॉस. 2 मोठे चमचे लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका. अर्धा लिटर कोमट दूध थोडं थोडं घालत घोटत राहा. एकदम ओतलंत की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. इथे आपली मजा आहे. गंगावेशीत मिळतं तसं म्हशीचं दाट दूध घेतलंत तर वेगळं क्रीम लागत नाही. कच्चं असेल तर आधी उकळून घ्या. चमच्याच्या पाठीवर सॉस चिकटून राहिला की गॅस बंद करून 100 ग्रॅम किसलेलं चीज आणि मिरपूड घाला. मीठ चाखूनच, कारण हॅम आणि चीज दोन्ही खारट असतात.

बटाटे, 150 ग्रॅम हॅमचे तुकडे (चिकन हॅमही चालतं) आणि सॉस यांचे थर लावा. 180 अंशांवर फॉइल झाकून 35 मिनिटं, मग उघडं 15 मिनिटं. बाहेर काढल्यावर 10 मिनिटं थांबा, तेवढ्यात सॉस आळतो.

आमच्याकडे वरून चिमूटभर कांदा-लसूण चटणी पडतेच. त्याशिवाय घरात कुणी हात लावत नाही.