भाडेकरूचं पाणी तोडण्याचा ठराव करावा का?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या म्हाडा वसाहतीत आमची गृहनिर्माण संस्था आहे. निम्मे मालक मुंबईत, त्यांची घरं बंद नाहीतर भाड्याने. शिमग्यानंतर दोन बंद घरं फोडली गेली. भाड्याच्या एका घरात रात्री जुगार चालतो. नेपाळी खलाशांना घरबंदी करावी, म्हणजे घर भाड्याने देऊच नये, आणि जुगाराच्या घराचं पाणी तोडावं, असा ठराव सभासदांना हवा आहे. चालेल का? – सचिव

उत्तर : दोन्ही ठराव करू नका. पिण्याचं पाणी मुद्दाम तोडलंत, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 खाली आरोपी तुम्हीच व्हाल. आणि घरं नेपाळ्यांनी फोडली, हे कोणी पाहिलं? माणूस कुठला यावरून केलेली घरबंदी टिकणार नाही.

पकडायचं ते मालकाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची; चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक मालकाला पत्र पाठवून कराराची प्रत आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची पोच मागा. म्हाडाने घर देताना दिलेलं वितरणपत्रही काढून वाचा. भाड्याने द्यायला त्यात मनाई असेल, तर म्हाडाच्या कोकण मंडळाला लेखी कळवा. स्वतः मात्र मनमानी दंड लावू नका; बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो, तेव्हा संस्था घेते ते) सेवाशुल्काच्या (सामाईक सेवांसाठी संस्था घेते त्या रकमेच्या) 10 टक्क्यांच्या वर नेता येत नाही.

जुगाराचं जरा नीट समजून घ्या. गणपतीच्या जागरणाला घरोघरी पत्ते पडतात, म्हणून कोणी जुगारअड्डा चालवत नसतो. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात घर चालवणारा त्यातून कमाई करतो का, हे पाहतात. तेव्हा बाहेरची माणसं किती वाजता येतात, बसायचे किंवा डावामागे पैसे घेतले जातात का, हे तारखेनिशी लिहून पोलीस ठाण्यात द्या, शिक्क्याची पोच घ्या. दारावर घोळक्याने जाऊ नका, मारामारीत मूळ तक्रार वाहून जाते.

घरफोडीची फिर्याद दिलीत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मालक गावी येईपर्यंत थांबायची गरज नाही. सचिव म्हणून तुम्हीही खबर देऊ शकता. मालकाने मुंबईहून ऑनलाइन कळवलं, तर तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्याने नोंद नाकारली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहा.

घरफोड्या टाळायला रात्रीचा रखवालदार ठेवायचा असेल, तर त्याचा पगार सेवाशुल्कात धरा. ते सर्व घरांना सारखं असतं, त्यामुळे ‘आम्ही तिथे राहतच नाही’ म्हणणाऱ्या मुंबईकरांनाही ते भरावं लागेल.