मूळ पट्टीचा हट्ट सोडा

दिवाळी जवळ आली की ज्येष्ठ भावगीत गायक-गायिकांच्या मैफली ठरू लागतात आणि आयोजकांची, साथीदारांची, माइकवाल्यांची पत्रं वाढतात. या वेळी नाशिकहून आलेली काही पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : महाकवी कालिदास कलामंदिरात आमच्या मंडळाने सत्तरी ओलांडलेल्या एका भावगीत गायिकेची मैफल ठेवली आहे. सगळी गाणी ध्वनिमुद्रिकेपेक्षा दोन पट्ट्या (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून दोन) खाली गाणार, असं ताईंनी कळवलं आहे. आमचे कीबोर्डवादक म्हणतात, त्याने गाण्याचा मूळ रंग जाईल. ताईंना मूळ पट्टीत गाण्याची विनंती करावी का? (इंदिरानगर)

उत्तर : करू नका. पट्टी ताईंनीच ठरवायची. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचे स्वरतंतू जाडसर होतात आणि आवाज सहसा खाली उतरतो. पुरुषांचं पुष्कळदा उलट होतं, उतारवयात आवाज पातळ आणि किंचित चढा होतो. शिवाय छातीच्या पिंजऱ्याची लवचीकता कमी झाल्याने श्वास पूर्वीइतका पुरत नाही. मूळ पट्टीत तार गंधार (वरच्या सप्तकातला 'ग') ओढून लावला तर एखादे वेळी लागेलही, पण पुढच्या दोन-तीन गाण्यांचा दम त्यात खर्ची पडतो आणि लांबवलेला सूर थरथरायला लागतो. 'आता आवाज राहिला नाही' असं श्रोते म्हणतात, तेव्हा पुष्कळदा आवाज असतो, पट्टी चुकलेली असते. लोक ताईंना ऐकायला येणार आहेत. ध्वनिमुद्रिका त्यांच्या घरी आहेच.

मात्र पट्टी उतरवताना एकच टोक बघून चालत नाही. अंतऱ्यातला सर्वांत वरचा आणि मुखड्यातला सर्वांत खालचा, असे दोन्ही सूर तालमीत ताईंकडून गाऊन घ्या. काळी चारमधलं (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' धरलेलं) गाणं काळी तीनमध्ये आणलं की तारसप्तक सोपं होतं, पण मंद्र धैवतही (खालच्या सप्तकातला 'ध') तेवढाच खाली जातो आणि तिथले शब्द तिसऱ्या रांगेच्या पुढे पोचत नाहीत. अशा गाण्याला मधली पांढरी पाच बरी. त्यामुळे 'सगळी दोन पट्ट्या खाली' असा सरसकट नियम ताईंच्या बाजूनेही नसावा. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहिलेला कागद करा, आणि त्याची एकेक प्रत सगळ्या साथीदारांना आठ दिवस आधी द्या.

आठ दिवस अशासाठी की पट्टी बदलली की प्रत्येक वाद्याची अडचण वेगळी असते. हार्मोनियम स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून 'सा' बदलता येणारी) असेल तर काहीच नाही. कीबोर्डला ट्रान्सपोजचं (पट्टी वर-खाली सरकवायचं) बटण आहे, पण त्यात एक हमखास घोटाळा होतो : आधीच्या गाण्यासाठी उणे दोन केलेलं तसंच राहतं आणि पुढचं गाणं भलत्याच पट्टीत सुरू होतं. म्हणून गाणं संपलं की आकडा शून्यावर आणायचा, ही सवय तालमीतच लावा. बासरीवाल्याला त्या पट्टीची बासरी पिशवीत हवी. सतार दोन पट्ट्या उतरवली की तारा सैल पडून नाद जातो, तेव्हा सतारियाला त्याचा षड्ज कुठे धरायचा हे आधीच ठरवू द्या.

सगळ्यात जास्त अडतं ते तबल्यापाशी. एक तबला जेमतेम दोन-तीन पट्ट्यांत नीट बोलतो. त्यापेक्षा खाली उतरवला तर चाट (तबल्याच्या कडेचा बोल) बसका येतो, वर चढवला तर पुडी फाटायची भीती. खालच्या सुराला मोठ्या तोंडाचा आणि वरच्या सुराला लहान तोंडाचा, असे निदान दोन तबले मंचावर लावून ठेवलेले असावेत. षड्जात लागत नसेल तर गाण्यातल्या ठळक सुराप्रमाणे पंचमात किंवा मध्यमात लावतात. एका पट्टीची तीन-तीन गाणी लागोपाठ ठेवली तर हातोडीची ठकठक वाचते. त्यासाठी गाण्यांचा क्रम थोडा बदलावा लागला तरी बदला.

काही गाण्यांत एखादीच ओळ वर जाते, बाकी सगळं आवाक्यात असतं. अशा एका ओळीसाठी अख्ख्या गाण्याची पट्टी पाडू नये. ती ओळ सहगायिकेने ताईंबरोबर गावी, किंवा ताईंनी तिथे खालची जागा घ्यावी. मुरलेल्या गायिका अशी पर्यायी जागा इतकी सहज घेतात की श्रोत्यांना तीच आवडून जाते.

प्रश्न : मी ध्वनिव्यवस्था पुरवतो. ज्येष्ठ कलाकारांच्या कार्यक्रमात एकच तक्रार असते, 'मला माझा आवाज येत नाही.' मॉनिटर (कलाकाराकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) वाढवला की माइक शिटी मारतो. काय करावं? (सातपूर)

उत्तर : वाढवण्याआधी कमी करा. मॉनिटरमधून कीबोर्ड, ऑक्टोपॅड, सहगायक काढून टाका. कलाकाराचा आवाज, हार्मोनियम आणि ठेका कळण्यापुरता तबला एवढंच ठेवा. मॉनिटरमध्ये रिव्हर्ब (यंत्राने दिलेला घुमारा) अजिबात नको, त्याने स्वतःचा सूर अचूक कळत नाही.

मग मॉनिटरची जागा पाहा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकला नेमकं पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून त्याला एक मॉनिटर समोर सरळ ठेवायचा. सुपरकार्डिऑइडला (समोरचं त्याहून अरुंद टप्प्यात ऐकणाऱ्या माइकला) पाठीमागचं थोडं ऐकू येतं, त्याच्या बहिऱ्या जागा मागच्या दोन्ही तिरक्या बाजूंना, साधारण 125 अंशांवर असतात. त्याला दोन मॉनिटर, डावी-उजवीकडे तिरके. माइक बदलला आणि मॉनिटर जुन्याच जागी राहिला, म्हणून होणाऱ्या शिट्या फार असतात.

वयानुसार आधी उंच कंपनांचं ऐकणं मंदावतं. कलाकार 'आवाज वाढवा' म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा शब्दांची कड हवी असते. सगळा आवाज चढवण्याऐवजी मॉनिटरच्या इक्वलायझरवर अडीच ते चार किलोहर्ट्झचा पट्टा 2-3 डेसिबलने उचलून बघा, आणि 100 हर्ट्झच्या खालचं कापा. तरीही शिटी आली तर ज्या कंपनावर येते तेवढंच अरुंद पट्ट्यात कापायचं. ही शोधाशोध प्रेक्षक आत यायच्या आधीची आहे.

उघड्या माइकची संख्या मोजा. चाराचे आठ झाले की शिटी तीन डेसिबल अलीकडेच येते. निवेदकाचा आणि न गाणाऱ्यांचा माइक बंद ठेवणं हे तुमच्या माणसाचं सर्वांत मोलाचं काम आहे. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, म्हणजे चार बोटांवरून दोन बोटांवर आणला तर मॉनिटरला हात लावायचीही गरज पडत नाही. फक्त जवळ आणल्यावर खर्ज फुगतो आणि प, फ, भ फुटतात, तेवढं सांभाळा. माइकची जाळी मुठीत धरली की त्याचं एका दिशेने ऐकणं संपतं आणि शिटी ठरलेली. हात थरथरत असेल तर न विचारता बूम स्टँड (आडव्या दांडीचा माइक-स्टँड) लावून ठेवा. कुणी मागायला संकोचतात.

कानात घालायचे मॉनिटर चांगले असतात, पण ज्यांनी आयुष्यभर खुल्या कानाने गायलं त्यांना ते प्रथमच ऐन कार्यक्रमात देऊ नका. आणि बाहेरच्या स्पीकरचा रिव्हर्ब कलाकार बोलायला लागले की उतरवा. गाण्यात शोभतो तो बोलण्यात शब्द खातो. रिकाम्या सभागृहात जे घुमतं ते प्रेक्षक बसल्यावर कमी होतं, म्हणून साउंडचेकला आवाज अगदी कोरडा करून ठेवू नये.

प्रश्न : नाशिकच्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेसारखी मैफल आमच्या कॉलनीच्या मैदानावर करायची आहे. गायक पंचाहत्तरीचे आहेत. पहाटे पाचला सुरुवात करावी असा आग्रह आहे. (गंगापूर रोड)

उत्तर : पाचला नको, सहाला करा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 खुल्या जागेत ध्वनिवर्धक लावता येत नाही. ठरावीक दिवसांची सवलत असते ती रात्री बारापर्यंतची, पहाटेची नव्हे. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं 100 मीटरचं शांतता क्षेत्र टाळून जागा निवडा.

गळ्याच्या दृष्टीनेही सहा बरे. झोपेतून उठल्यावर गळा जड असतो, आणि या वयात तो मोकळा व्हायला दीड-दोन तास लागतात. म्हणजे सहाच्या मैफलीला गायकाने चारला उठायचं. पाचची असती तर तीनला. त्यांना आदल्या रात्री मैदानाजवळ मुक्कामाला ठेवा, रात्रीचं जेवण आठच्या आत द्या. उशिरा जेवून आडवं झालं की आंबट वर येऊन पहाटे घसा धरतो. पहिलं गाणं मध्यसप्तकातलं, संथ ठेवा. अभंग किंवा भूपाळी अशा वेळी गळ्यालाही मानवते.

थंडीत सूर फिरतात, तेही समजून घ्या. हवा एका अंशाने गार झाली की बासरी साधारण तीन सेंट (एका पट्टीचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरते. सभागृहापेक्षा मैदान दहा अंशांनी थंड असेल तर तीस सेंटपर्यंत, म्हणजे कानाला सहज खुपेल इतका फरक. फुंकेने बासरी गरम होते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी पडतो, पण मोठ्या विरामानंतर ती पुन्हा उतरते. तारेची वाद्यं उलट चढतात. हार्मोनियम जवळजवळ जागेवर राहते, म्हणून सगळ्यांनी सूर तिच्यावरून घ्यावा, आणि वाद्यं अर्धा तास आधी मंचावर उघडी ठेवून मगच लावावीत. गाडीतून काढून लगेच लावलेला सूर दहा मिनिटांत फिरतो. दवाने तबल्याची पुडी सैल पडते, तेव्हा वर कापडी छत हवंच. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. त्या दिवसांत या वयाच्या गायकाला उघड्यावर बसवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाडव्याला फटाक्यांच्या धुराचा त्रास सगळ्यात मोठा. आजूबाजूच्या इमारतींना आदल्या दिवशी जाऊन भेटा आणि आठपर्यंत फटाके नकोत अशी विनंती करा. माइकला फोमची टोपी घाला, गोदाकाठच्या बाजूने वारा असेल तर मंचाची पाठ तिकडे करा.

प्रश्न : अडीच तासांच्या कार्यक्रमात ज्येष्ठ गायिकेला किती गाणी द्यावीत? फर्माइशींचं काय? (पंचवटी)

उत्तर : निवेदन आणि पंधरा मिनिटांचं मध्यंतर धरून अठरा-वीस गाणी होतात. त्यातली दहा-अकरा त्यांची, बाकी सहगायकांची. सलग तीनपेक्षा जास्त नकोत. सर्वांत अवघड गाणं तिसरं किंवा चौथं ठेवा, तेव्हा गळा तापलेला असतो आणि थकलेला नसतो. शेवटाला राखून ठेवलेलं अवघड गाणं बहुधा पडतं. मध्यंतरानंतर पुन्हा सोप्याने सुरुवात, कारण गप्पा आणि चहात गळा निवतो.

फर्माइशीच्या चिठ्ठ्या थेट मंचावर जाऊ देऊ नका. निवेदकाकडे ताईंनी तयार ठेवलेल्या पाच जादा गाण्यांची यादी असावी, आणि चिठ्ठ्यांतून तीच निवडावी. तालीम न झालेलं गाणं लोकाग्रहाने घेतलं की पट्टी अंदाजाने लागते, दुसऱ्या कडव्याचे शब्द निसटतात, आणि ओशाळायची पाळी ताईंवर येते. वन्स मोअरला अख्खं गाणं न घेता शेवटचा अंतरा आणि मुखडा पुरे.

शब्दांची वही स्टँडवर मोठ्या अक्षरात, एका पानावर एक गाणं. टॅबलेट असेल तर पडदा आपोआप बंद होण्याची सोय आधी काढून टाका.

प्रश्न : गळ्यासाठी ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर चघळली तर चालते का? (नाशिकरोड)

उत्तर : रक्तदाब असणाऱ्यांनी चघळू नये. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. साधं पाणी दिवसभर घोट-घोट पिणं जास्त उपयोगाचं. काही रक्तदाबाच्या नि ॲलर्जीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. गोळी स्वतःहून बंद न करता तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : गुडघ्यांमुळे गायक खाली बसू शकत नाहीत. खुर्ची दिली तर बैठकीची शोभा जाते असं काहींचं म्हणणं आहे. (कॉलेज रोड)

उत्तर : खुर्ची द्या. हात नसलेली, कडक बैठकीची, साधारण 45 सेंटिमीटर उंच. गादी मऊ असली की कंबर आत जाते, पोट दबतं आणि श्वास अर्धाच भरतो. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर खाली पाट ठेवा. गायक खुर्चीवर आणि तबलजी जमिनीवर असले की नजरानजर तुटते आणि समेवरचे इशारे हुकतात, म्हणून साथीदारांची बैठक फूट-दीड फूट उंच चौरंगावर घ्या. चौरंग पोकळ असेल तर डग्ग्याचा नाद त्यात घुमून माइकमध्ये येतो. खाली जाड सतरंजी दुहेरी घाला, आणि मंचाच्या पायऱ्यांना कठडा आहे का ते आदल्या दिवशीच पाहून या.