उसाचे बिल, दुधाचे बिल

न्यू जर्सीतील एडिसन येथून एका आईचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचा मुलगा १७ वर्षांचा असून ऑगस्टअखेरीस तो तिकडच्या राज्य विद्यापीठात शिकायला जाणार आहे. शनिवार-रविवार किराणा दुकानात काम करून साठवलेले १,८०० डॉलर त्याने मोजक्याच संख्येने बाजारात येणारे बूट घेऊन चढ्या भावाने विकण्याच्या उद्योगात घालवले. त्यातले ४०० डॉलर ॲपवरून एका अनोळखी माणसाला पाठवले. ते बूट कधी आलेच नाहीत. हा खड्डा भरून काढण्यासाठी त्याने वडिलांच्या खात्यावर स्वतःच्या नावाने मिळालेले जादा क्रेडिट कार्ड वापरले आणि १,३५० डॉलरची उधारी करून ठेवली. दोन महिने घरात कोणालाही पत्ता नव्हता. कार्ड, फोन, गाडी सगळे काढून घ्यावे आणि त्याला चांगले चटके बसू द्यावेत, असे वडिलांचे म्हणणे आहे. रक्कम भरून विषय मिटवावा, असे आईला वाटते. सध्या मुलाला तीन आठवड्यांसाठी करवीर तालुक्यातील गावी आजी-आजोबांकडे पाठवले आहे आणि त्या दोघांना यातले काही सांगितलेले नाही.

ताई, आधी कार्डाचे पाहू, कारण त्याला तारीख आहे. जादा कार्ड मुलाच्या नावाचे असले तरी त्यावरील उधारी फेडण्याची जबाबदारी मूळ खातेदाराची, म्हणजे तुमच्या यजमानांची आहे. हप्ता तीस दिवसांहून अधिक थकला, तर अमेरिकेतील पतअहवालात त्याची नोंद सात वर्षे राहते. ती वडिलांच्या नावावर लागेलच, शिवाय मुलाच्या कोऱ्या पाटीवरही उमटू शकते. म्हणून ही रक्कम तुम्ही तारखेच्या आत, पूर्ण भरा. मी ३२ वर्षे सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली असून त्यांतली निम्मी वसुलीत गेली. मुलाला धडा मिळावा म्हणून आपलेच खाते थकवणारे बापही मी पाहिले आहेत, आणि नंतर घरासाठी कर्ज मागायला आल्यावर त्यांनाच घाम पुसताना पाहिले आहे. ॲपवरून गेलेल्या ४०० डॉलरची तक्रार ॲपकडे आणि बँकेकडे मुलाने स्वतः आजच करावी. मात्र आपल्या हाताने पाठवलेले पैसे क्वचितच परत येतात, त्यामुळे ते गेलेच असे समजून पुढचा हिशोब मांडावा.

कार्डाची रक्कम तुम्ही भरली म्हणजे विषय मिटला असे होत नाही. आता ते घरचे कर्ज झाले. दोनशे पानी वही घ्या, पहिल्या पानावर तारीख घालून १,३५० डॉलर लिहा आणि खाली तिघांच्या सह्या करा. विद्यापीठात मिळणाऱ्या अर्धवेळ कामातून दरमहा ७५ डॉलर दिले, तर १८ महिन्यांत ते फिटते. घरच्या कर्जाला व्याज लावावे असे मला वाटत नाही. पण कार्ड कंपनीने ते कसे लावले असते, हे त्याने स्वतः कागदावर मांडले पाहिजे. वार्षिक २४ टक्के दर धरला, तर महिन्याला दोन टक्के होतात, म्हणजे पहिल्या महिन्याचे व्याज २७ डॉलर. त्याने महिन्याला फक्त ४० डॉलर भरायचे ठरवले असते, तर पहिल्या हप्त्यातले १३ डॉलरच मुद्दलात गेले असते; वर्षभरात ४८० डॉलर भरून मुद्दल जेमतेम १७५ डॉलरनी कमी झाले असते, आणि सगळे कर्ज फिटायला ५७ महिने, म्हणजे पदवी हातात पडल्यानंतरचेही काही महिने लागले असते. बारा ओळींचे हे गणित ॲपवर करू देऊ नका. एकेक महिना हाताने लिहिताना जे कळते, ते तयार आकडा पाहून कळत नाही.

आता वडिलांच्या ‘चटक्यां’विषयी. कष्टातून माणूस शिकतो, हे मी नाकारत नाही. पण कोणते कष्ट, हा प्रश्न उरतोच. १९७८ साली मी कोल्हापुरात एका वसतिगृहात राहून शिकत होतो. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केल्यापासून या शहरात जातीजातींची, धर्माधर्माची वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यातल्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी झाली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नव्हे. आमच्यातल्या काहींचे डबे गावाहून एसटीने येत, मी खानावळीत जेवत असे. वडिलांनी तीन महिन्यांच्या खानावळीचे दिलेले २१० रुपये मी एका मित्राला हातउसने दिले आणि तो परीक्षेलाही न बसता गावी निघून गेला. दिवाळीच्या सुट्टीत हे उघडकीला आले. वडील एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी मला भाऊबंदांच्या गुऱ्हाळावर नेऊन उभे केले.

चुलवाणात चिपाडे सारायची आणि रस उकळू लागला की काहिलीवर तरंगणारी मळी मोठ्या झाऱ्याने काढायची, हे माझे काम होते. पहाटे तीनच्या सुमारास पाठ थंडीने काकडायची आणि तोंड वाफेने भाजून निघायचे. गुळव्या चिमूटभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून पाहायचा आणि मान हलवली की आम्ही काहील उतरवायचो. रात्रीचे सहा रुपये मिळत. दर आठवड्याला वडील ते पैसे माझ्याकडून घेत, मला बरोबर घेऊन खानावळीत जात आणि माझ्यासमोर मालकाच्या हातावर ठेवत. सुट्टी संपली तेव्हा हिशोब संपला नव्हता, म्हणून जानेवारीपर्यंत मी शनिवारी रात्री गुऱ्हाळावर जात राहिलो. एकूण पस्तीस रात्री झाल्या. राबणे मला नवे नव्हते, शेतकऱ्याच्या पोराला ते काय शिकवायचे? नवे होते ते एवढेच की २१० रुपये म्हणजे पस्तीस रात्री, हे मोजमाप माझ्या अंगात बसले.

फोन काढून घेतल्याने असे कोणतेही मोजमाप बसत नाही. चुकीशी ज्याचा संबंध नाही अशी शिक्षा मुलगा सोसतो, दिवस मोजतो आणि सुटतो. तुमच्या मुलाला किराणा दुकानात तासाला किती मिळतात ते विचारा आणि १,८०० डॉलरचे तास त्याच्याकडूनच काढून घ्या. ‘आम्ही एका खोलीत आठ जण राहत होतो’ ही गोष्टही यजमानांनी आता थोडे दिवस बाजूला ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. ती खरी असणारच, पण मुलाला ती पाठ झालेली आहे. त्याला तुमच्या घराचा आजचा हप्ता, मालमत्ता कर आणि विम्याचे आकडे ठाऊक आहेत का? बहुतेक मराठी घरांत लहानांसमोर पैशाचे बोलायचे नाही अशी रीत असते आणि मग अठराव्या वर्षी त्याच मुलाच्या हातात कर्जाचा कागद सहीसाठी दिला जातो. विद्यापीठाचे पहिले बिल येईल तेव्हा ते त्याला समोर बसवून ओळ न् ओळ वाचा.

तुम्ही फोनवर विनंती केलीत, म्हणून मागच्या मंगळवारी मी तुमच्या सासरच्या गावी जाऊन आलो. पोहोचलो तेव्हा सकाळचे सहाही वाजले नव्हते. तुमचा मुलगा पावसात डोक्यावर खताचे पोते पांघरून आजीबरोबर दूध संस्थेच्या रांगेत उभा होता, हातात किटली होती. संस्थेतल्या माणसाने दुधाचा नमुना यंत्राला लावला, पडद्यावर फॅट आणि एसएनएफचे, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातल्या बाकी घन घटकांचे, आकडे आले आणि चिठ्ठी बाहेर पडली. कालच्यापेक्षा फॅट कमी लागल्याचे पाहून आजी पुटपुटल्या आणि त्यांनी चिठ्ठी कमरेच्या पिशवीत ठेवली. परतताना त्याने मला विचारले की दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याचे पैसे आधीच का कापतात, आजीच्या हातात सगळे पैसे देऊन मग तिच्याकडून का घेत नाहीत. मी म्हटले, हे तू आजीलाच विचार. त्या चालता चालता म्हणाल्या, “हातात आल्यावर ऱ्हातंय व्हय?”

कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरात दोन प्रकारचा पैसा येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते आणि त्यावर मीठ-मिरची, दवाखाना, शाळेची वही चालते. उसाचे बिल एकरकमी येते. आडसाली लागण असेल, तर त्यासाठी दीड वर्ष वाट पाहावी लागते. ते येतानाच विकास सोसायटीचे पीककर्ज साखर कारखान्याकडून परस्पर वळते होते आणि उरलेल्या रकमेत बोअर, स्लॅब किंवा लग्न निघते. उसाच्या पैशावर ज्याने रोजचा खर्च भागवायला सुरुवात केली, तो पुढच्या गळीत हंगामाआधी सावकाराच्या दारात गेलेला मी नोकरीत असताना पुष्कळदा पाहिला.

विद्यापीठातही पैसा याच दोन वाटांनी येणार आहे. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलरचे कर्ज स्वतःच्या नावावर मिळते. त्यातील कमाल ३,५०० डॉलर असे असू शकतात की शिकत असेपर्यंत त्यांचे व्याज सरकार सोसते. ही रक्कम साधारणतः सत्रागणिक येते. मदत आणि कर्ज मिळून शुल्कापेक्षा जास्त जमा झाले, तर उरलेले पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात टाकतात आणि त्याला ‘रिफंड’ म्हणतात. हा शब्द फार फसवा आहे. त्यातला कर्जाचा भाग पुढे व्याजासह फेडायचा असतो, पण शब्द ऐकून मुलाला वाटते की आपलेच काही परत मिळाले. ते उसाचे बिल समजा. ते वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातून पुस्तके, वसतिगृह आणि जेवणाची रक्कम आधी वळती करा आणि गरजेपेक्षा जास्त कर्ज मंजूर झालेले दिसले, तर तेवढे घेऊच नका. कमी रक्कम घेण्याची मुभा असते. रोजचा खर्च त्याने कामाच्या पगारावर चालवावा. तो पगार बहुधा पंधरवड्याने येतो. ते त्याचे दुधाचे बिल. महिना संपण्याआधी पैसे संपले आणि मित्रांबरोबर पिझ्झा खाता आला नाही, तर त्या दिवशी फोन आला तरी पैसे पाठवू नका. जेवणाची सोय आधीच केलेली असल्याने तो उपाशी राहणार नाही.

अमेरिकेत २००९च्या कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला स्वतःचे क्रेडिट कार्ड हवे असेल, तर स्वतःचे उत्पन्न दाखवावे लागते किंवा २१ वर्षांवरील कोणी तरी जबाबदारी घ्यावी लागते. ती सही तुम्ही तूर्त करू नका. जामीन राहून बुडालेली घरे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. स्वतःच्या पगारावर लहान मर्यादेचे कार्ड मिळाले आणि दरमहा पूर्ण रक्कम भरली, तर हरकत नाही. खरा धोका ‘आता घ्या, नंतर भरा’ या योजनांचा आहे, कारण त्या अठरावे पूर्ण झाले की एका बोटावर उपलब्ध होतात.

बुटांच्या व्यापाराला मात्र सरसकट बंदी घालू नये, असे माझे मत आहे. त्याने मला प्रत्येक जोडीची खरेदी आणि विक्री तोंडपाठ सांगितली, पण विक्रीच्या संकेतस्थळाची दलाली आणि टपालखर्च त्याने कधी धरलाच नव्हता. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारपेठेतला कोणताही दुकानदार हमाली आणि तोलाई धरल्याशिवाय नफा सांगत नाही. घरचे १,३५० डॉलर फिटल्यावर, स्वतःच्या शंभर डॉलरवर आणि वही ठेवून त्याने पुन्हा करून पाहावे.

सासू-सासऱ्यांना हे सांगावे की नाही, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. सासऱ्यांना अजून माहीत नाही आणि पैसे पाठवायचे नाहीत, हे त्यांना पटवण्याची जबाबदारी मी घेतली आहे. सासूबाईंना त्याने पहिल्याच आठवड्यात, म्हशीची धार काढताना, सगळे सांगून टाकले आहे. त्या मला म्हणाल्या, सूनबाईला इतक्यात कळवू नका, काळजी करत बसेल.