वाचक विचारतात : १९७१ साली वाफेचं इंजिन कोण विकत घेतं?

प्रश्न : नमस्कार. मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा टॅमवर्थजवळ स्टॅटफोल्डला छोट्या रेल्वेचा ओपन डे होता, तो बघायला गेलो. तिथे ट्रँगकिल नंबर ४ नावाचं एक चिमुकलं इंजिन चालताना पाहिलं, बॉयलरवर घोड्याला खोगीर घालतात तशी पाण्याची टाकी. ते १९७१ सालचं आहे म्हणून सांगितलं. पण तोपर्यंत तर वाफेचा जमाना संपला होता ना? मग ते कुणासाठी बांधलं, आणि टाकी अशी वर का? आपल्याकडे अशी इंजिनं होती का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : साल अगदी बरोबर आहे. लीड्सच्या हन्स्लेट कंपनीने जॅक लेनच्या कारखान्यात ते १९७१ मध्ये बांधलं, कारखान्याचा नंबर ३९०२, आणि गिऱ्हाईक होतं इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा ट्रँगकिल साखर कारखाना. ब्रिटनमधल्या कंपनीने उद्योगासाठी बांधलेलं हे शेवटचं वाफेचं इंजिन मानतात. ब्रिटिश रेल्वेने मेन लाइनवरची वाफ ऑगस्ट १९६८ मध्येच बंद केली होती, त्यामुळे तुम्हाला नवल वाटणं साहजिक आहे, पण आपल्याकडे चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यातून ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन, 'अंतिम सितारा', १९७० मध्ये बाहेर पडलं आणि मीटरगेजची तर १९७२ पर्यंत बनत होती. जमाना सगळीकडे एकाच दिवशी संपत नाही.

आता कारखान्याने घेतलं का, तर साखर कारखाना मुळात वाफेवरच चालतो हो. बॉयलर, बॉयलरचे फिटर, व्हॉल्व्ह, गेज, पाईप दुरुस्त करणारं वर्कशॉप हे सगळं आधीच तिथे असतं, त्यामुळे वाफेचं इंजिन सांभाळायला नवीन काही शिकावं लागत नाही, डिझेलचं म्हटलं की इंधनही विकत आणि पार्टही बाहेरून. आणि जावात तर कितीतरी कारखान्यांची इंजिनं उसाच्या चिपाडावर चालायची, म्हणजे आपल्या कारखान्यांत ज्याला बगॅस म्हणतात तेच. रस काढून उरलेलं, फुकटचं इंधन. अर्थात चिपाड भराभर जळून जातं म्हणून फायरमनला सारखं आत टाकत राहावं लागतं, त्याला क्षणाची उसंत नाही, आणि ठिणग्या भयंकर उडतात, आजूबाजूला वाळलेलं पाचट, म्हणून धुराड्यावर ठिणग्या अडवायची मोठी फुगीर टोपी बसवलेली दिसते. जावातल्याच सेम्बोरोच्या कारखान्यात तर बिनआगीची इंजिनं होती, कारखान्याच्या बॉयलरमधूनच वाफ भरून घ्यायची आणि ती संपेपर्यंत वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ओढायचे! मला तर वाटतं यातच सगळं उत्तर आहे, साल कुठलंही असो, ज्याच्या घरात वाफ आहे त्याला वाफेचंच इंजिन परवडतं.

शिवाय गळीत हंगामात वेळ महत्त्वाची. तोडलेला ऊस पडून राहिला की साखर उतरते हे आपल्या ऊसवाल्या मंडळींना सांगायला नको. जावात शेतात तात्पुरते रूळ टाकायचे, भरलेल्या वाघिणी बैल किंवा रेड्यांनी ओढत मुख्य रुळापर्यंत आणायच्या आणि तिथून पुढे इंजिन.

टाकीचं म्हणाल तर अंतर थोडं असलं की मागे वेगळा टेंडर, म्हणजे इंधन-पाण्याचा डबा, जोडायची गरज नसते, पाणी इंजिनावरच. त्याचा मोठा फायदा असा की पाण्याचं वजन चाकांवर पडतं आणि पकड वाढते, इंजिन लहान, रूळ हलके, अशा ठिकाणी ही पकडच कामाला येते. टाकी बॉयलरवर ठेवायची, बाजूला लावायची की खाली फ्रेमच्या मध्ये, हे ज्या त्या कंपनीचं. तुम्ही पाहिलेल्या इंजिनाला चार चालती चाकं आणि मागे दोन नुसती वजन पेलणारी.

डिझाइन मात्र हन्स्लेटचं स्वतःचं नाही. स्टोक-ऑन-ट्रेंटला कर स्टुअर्ट नावाची कंपनी होती, तिने जगभर खाणी, मळे, कारखाने यांना इंजिनं विकली, ठरलेली मॉडेल आणि त्यांना नावं, रेन, टॅटू, ब्राझील अशी. १९३० मध्ये ती बुडाली आणि तिची ड्रॉइंग हन्स्लेटकडे आली, त्यातल्या ब्राझीलवरून हे बांधलं, म्हणजे बंद पडलेल्या कंपनीचं डिझाइन चाळीस वर्षांनी पुन्हा कामाला आलं, याचं मला फार कौतुक वाटतं. जर्मनीची ओरेनस्टाइन अँड कोप्पेल याच धंद्यातली, १८७६ ला बर्लिनमध्ये सुरू झालेली, तिचा कॅटलॉग हॉर्सपॉवरप्रमाणे असायचा, गिऱ्हाइकाने फक्त गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि इंधन सांगायचं. जावात तिची इंजिनं सर्वात जास्त दिसायची.

ट्रँगकिल नंबर ४ हे २००४ मध्ये इंग्लंडला परत आलं आणि ७५० मिलिमीटरच्या रुळांवरून काढून दोन फुटी गेजवर बसवलं.

आपल्याकडचं विचारलंत, तर माथेरानची पहिली इंजिनं याच ओरेनस्टाइन अँड कोप्पेलची! १९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती लाइन सुरू केली, तीही दोन फुटी, इंजिनं सहा चाकी आणि टाकीवाली. ती कारखान्यासाठी नव्हती, घाट चढायला होती, पण घराणं तेच. वळणं इतकी तीव्र की पुढचा आणि मागचा आस दोन्ही आतल्या आत वळतील अशी क्लीन-लिंडनर रचना त्यांत वापरली. नेरळला त्यातलं एक इंजिन ठेवलेलं आहे, पुण्याहून लोकलने कर्जत करत सहज जाता येईल असं नाही पण कर्जतपर्यंत एक्सप्रेस आणि पुढे लोकल पकडलीत की अर्ध्या दिवसाचं काम, गेलात तर चाकांजवळ वाकून नक्की बघा.