पाय ओढतात, पण कुणाचे?

"इंग्रजीत वाक्प्रचार वापरायला गेलो आणि हसं झालं, आता तोंडच उघडत नाही." बेळगावात समुपदेशन करताना हे गाऱ्हाणं इतक्यांदा ऐकलंय की चेहरा बघूनच ओळखते. (थोडी फुशारकी चालवून घ्या.)

खानापूरकडचा एक मुलगा, मराठी शाळेत शिकलेला, उद्यमबागेत एका कारखान्यात नोकरीला. मीटिंगमध्ये म्हणाला, "सर, दे आर पुलिंग माय लेग." साहेब हसून म्हणाले, "एंजॉय!"

"मॅडम, ते माझं काम अडवायला लागलेत, आणि साहेब एंजॉय म्हणतात ओ!"

आपल्याकडं पाय ओढणं म्हणजे पुढं जाणाऱ्याला मागं खेचणं. इंग्रजीत तीच नुसती चेष्टा. हे त्याला दोन मिनिटांत कळलं, पण गप्प बसणं सुटेना. तीन भेटी तशाच गेल्या.

चौथ्या भेटीत सहज विचारलं, "कन्नड कधी चुकलं नाही?"

"लई! पहिल्याच आठवड्यात फोरमनना 'या' म्हणायचं सोडून 'बा', म्हणजे 'ये', म्हटलो. ते हसले, मोठ्यांना 'बर्री' म्हणायचं म्हणाले. मी पण हसलो की."

"मग तिथं गप्प का नाही झालास?"

तो पंख्याकडं बघत राहिला. मी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "कन्नड चुकलं तर कन्नड चुकतं. इंग्रजी चुकलं की मीच चुकतो."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. हसले ते लोक, 'माझी लायकी नाही' हा निकाल आपण देतो, हे मी वर्षानुवर्षं सांगतेय. पण इतकं नेटकं मला कधी जमलं नव्हतं. एलिस लाज मोडायला मुद्दाम लाजेचंच काम करायला लावायचा. मीही याला साहेबांना पाय ओढण्याचा घोळ स्वतःच सांगायला पाठवलं. साहेब पुन्हा हसले, आणि काम कोण अडवतंय तेही विचारलं.

वाक्प्रचार पाठ करताना तो कोण, कुणाला, कधी म्हणतं तेही ऐका. 'किक द बकेट' म्हणजे मरणं खरं, पण 'गचकला'सारखं. सांत्वनाला जाऊन ते बोललेली एक बाई माझ्याकडं येऊन गेली आहे. शब्दही बदलू नका: अगदी सोप्या कामाला म्हणतात त्या 'पीस ऑफ केक'चा 'स्लाइस' केलात की खाण्याचा केकच उरतो. 'कॅट्स अँड डॉग्ज' निबंधात राहू दे, खानापूरच्या पावसालाही 'हेवी रेन' पुरतं. अडलात तर साधं वाक्य बोला.

शेवटच्या भेटीत वीस मिनिटं शिल्लक असताना तो उठला. "मॅडम, लेट्स कॉल इट अ डे?" साहेब रोज संध्याकाळी काम थांबवताना म्हणतात म्हणे. मी वही मिटली.