न्यूयॉर्कचे दीड लाख आणि डॅलसचे सव्वा लाख

प्रश्न असा आहे : न्यूयॉर्कची ऑफर १,५०,००० डॉलरची, डॅलसची १,२५,००० ची. कमावणारा एक, बायको एच-४ या आश्रित व्हिसावर, मूल अडीच वर्षांचं. हातात जास्त कुठे उरेल?

दोन शहरांची नावं टाकली की 'इतके टक्के स्वस्त' असं सांगणारी कॅल्क्युलेटर आधी बंद करा. त्यांचा आकडा सरासरी घराचा असतो. त्यात आयकर बहुधा धरलेलाच नसतो, आणि न्यूयॉर्क म्हणजे पुष्कळदा मॅनहॅटन असतं. तुम्ही राहणार न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्स किंवा फॉरेस्ट हिल्सला. हिशोब त्याचा करायचा.

आधी कर. २०२५चे दर, पूर्ण वर्षाचं वास्तव्य, नवरा-बायकोचं संयुक्त रिटर्न आणि स्टँडर्ड डिडक्शन असं धरू. पगारातला फरक २५,००० चा. त्यातले साधारण ७,००० फेडरल कर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरमध्ये जातात, कारण डॅलसच्या पगारावर तुम्ही १२ टक्क्यांच्या स्लॅबमध्येच राहता, न्यूयॉर्कच्या पगारावर २२ टक्क्यांचा लागतो. उरले १८,०००. त्यातून न्यूयॉर्क राज्याचा, पूर्ण पगारावरचा, कर सव्वासात हजारांच्या आसपास, आणि शहराचा वेगळा पाचएक हजार. टेक्सासमध्ये हे दोन्ही शून्य. म्हणजे २५,००० ची आघाडी साडेपाच-सहा हजारांवर आली, महिन्याला पाचशेच्याही आत. पुढचं सगळं गणित या पाचशेभोवती फिरतं.

शहराचा कर राहण्याच्या पत्त्यावर लागतो, ऑफिसच्या नाही. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला जाणाऱ्याला तो पडत नाही, न्यूयॉर्क राज्याचा मात्र पडतो. 'न्यूयॉर्कची नोकरी धरून डॅलसला घरून काम करीन' असा विचार असेल तर सावध राहा. तिकडे राहणं ही तुमची सोय असेल, कंपनीची गरज नसेल, तर ते दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्यासारखे धरले जातात आणि राज्याचा कर सुटत नाही.

भाड्याचा जाहिरातीतला आकडा दोन्हीकडे फसवा असतो, फक्त वेगवेगळ्या तऱ्हेने. न्यूयॉर्कमध्ये '१२ महिन्यांत एक महिना फुकट' असेल तर २,४०० चं घर २,२०० चं म्हणून दाखवतात. पुढच्या वर्षीची वाढ २,४०० वर लागते. पगार मासिक भाड्याच्या ४० पट हवा, ही तिथली रूढ अट. १,५०,००० वर ३,७५० पर्यंतचं घर बसतं. डिपॉझिट एका महिन्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि जून २०२५ पासून दलालाची फी ज्याने दलाल नेमला त्याने द्यायची. जुन्या इमारतींत हीटिंग आणि गरम पाणी सहसा भाड्यातच असतं. नव्या इमारतीत विजेवरचं हीटिंग तुमच्या बिलात येऊ शकतं, आधी विचारा. डॅलसकडे उलट : भाडं कमी दिसतं, पण कचरा दारातून उचलण्याचे, पेस्ट कंट्रोलचे, छताखालच्या पार्किंगचे आणि वाटून येणाऱ्या पाण्याचे पैसे वर लागतात. महिन्याला दीड-दोनशे धरा.

खरा फरक गाडी पाडते. न्यूयॉर्कमध्ये सबवेचं तिकीट २०२६ पासून ३ डॉलर, आणि सात दिवसांत ३५ डॉलरच्या वर काही कापलं जात नाही. दोघांचे फार तर महिन्याला ३००. ४४ इंचांखालचं मूल फुकट. डॅलसच्या उपनगरांत एका गाडीवर राहायचं म्हणजे बायकोने दिवसभर घरात अडकून बसायचं. फ्रिस्को तर डार्टच्या सार्वजनिक वाहतुकीत सामीलच नाही. दुसरी गाडी ही चैन नाही, ती भाड्यासारखीच गरज धरा. दोन गाड्यांचा हप्ता, विमा, पेट्रोल, टोल मिळून माझ्या अंदाजाने महिन्याला १,२०० ते १,५००. अमेरिकेतला ड्रायव्हिंगचा इतिहास नसल्याने विमा सुरुवातीला चढाच लागतो. होकार देण्याआधी कोटेशन घ्या. टोलटॅग पहिल्या दिवशी लावा, नाहीतर तोच टोल बराच महाग पडतो.

टेक्सासची वीज नीट समजून घ्या, कारण नवीन माणूस इथे हमखास फसतो. 'पॉवर टू चूज' या सरकारी साइटवर सगळ्यात स्वस्त दिसणारा प्लॅन बहुधा असा असतो : दर १५ सेंट, पण १,००० युनिट झाले की १०० डॉलर सूट. बरोबर १,००० वापरलेत तर बिल ५० डॉलर, म्हणजे युनिटला ५ सेंट, आणि जाहिरातीत तोच आकडा मिरवतो. ९५० युनिट वापरलेत तर बिल १४२ डॉलर ५० सेंट! छोट्या अपार्टमेंटमध्ये एसी नसलेल्या महिन्यांत वापर हजाराच्या बराच खाली राहतो. प्रत्येक प्लॅनच्या माहितीपत्रकात ५००, १,००० आणि २,००० युनिटचे दर असतात. तिन्ही जवळजवळ सारखे असतील तोच घ्या. करार ऐन उन्हाळ्यात संपणारा नको. गार्लंड आणि डेंटनमध्ये वीज नगरपालिकेची आहे, तिथे हा पर्यायच नाही.

मुलाचं वय तुमच्या बाबतीत निर्णायक आहे. न्यूयॉर्कमध्ये ज्या कॅलेंडर वर्षात मूल तीन वर्षांचं होतं, त्या सप्टेंबरपासून थ्री-के (तीन वर्षांच्या मुलांची बालवाडी) मोफत, पुढच्या वर्षी प्री-के (चार वर्षांच्यांची) मोफत. जागा घराजवळच मिळेल असं नाही, आणि दिवस सहा तास वीस मिनिटांचा. टेक्सासमध्ये मोफत प्री-के सरसकट नाही, पण इंग्रजी न येणारं चार वर्षांचं मूल त्याला पात्र ठरतं. घरी मराठीच बोलत असाल तर भाषेच्या फॉर्मवर तसंच लिहा, 'इंग्रजी' लिहून हक्क घालवू नका. तोवरचं एक वर्ष मात्र खिशातून.

घर घ्यायचं असेल तर पारडं डॅलसकडे झुकतं, पण प्रॉपर्टी टॅक्स सुमारे दोन टक्के धरा : ४,५०,००० च्या घराला वर्षाला ९,०००. नव्या वसाहतीत पहिल्या वर्षीचं बिल पुष्कळदा नुसत्या जमिनीवर येतं, दुसऱ्या वर्षी पूर्ण घरावर, आणि हा कर धरून जाणारा कर्जाचा हप्ता एकदम उडी मारतो. गारपिटीसाठी विम्यात २ टक्के डिडक्टिबल असेल तर ४,००,००० च्या विम्यावर छपराचे पहिले ८,००० तुमचे.

एकूण बघता, पुढची दोन-तीन वर्षं भाड्यानेच राहणार असाल तर मी क्वीन्स निवडेन : डॅलसला भाड्यात वाचणारं बरंचसं गाड्या खातात. दुसरं मूल किंवा घर डोक्यात असेल तर डॅलस. मात्र त्याआधी दोन्ही एचआरकडून कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा कागद मागवा आणि पगारातून कापला जाणारा प्रीमियम, डिडक्टिबल आणि वर्षभरात खिशातून जाऊ शकणाऱ्या खर्चाची कमाल मर्यादा हे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहा. दोन कंपन्यांत हा फरक कधीकधी वर्षाला काही हजारांचा असतो, आणि तुमची सगळी आघाडी साडेपाच-सहा हजारांची आहे.